उदय नावाचं मशीन

“बाई, उदय सापडत नाहीये,” भंगाळे सर त्यांच्या खोलीतून मोठ्यानं म्हणाले, आणि लगेच गप्प झाले.

आमच्या खोलीत तेव्हा आम्ही तिघी होतो. मी, रोहिणी, आणि मे महिन्याची सुट्टी म्हणून आईबरोबर ऑफिसला येणारी रोहिणीची मुलगी ऋजुता. रोहिणीची बोटं कीबोर्डवर होती तिथंच थांबली. सर दारात येऊन उभे राहिले. चष्मा काढून हातात धरला होता.

“मशीन,” ते म्हणाले. “मशीन म्हणायचं होतं मला.”

“कळलं सर,” रोहिणी म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

उदय वाघुलदे हा रोहिणीचा नवरा. जानेवारीत वरणगावच्या रस्त्यावर एका ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला धडक दिली आणि तो जागच्या जागी गेला. त्याआधी तो याच खोलीत, रोहिणी आता बसते तिच्या बरोबर पाठीमागच्या टेबलावर बसत होता.

भुसावळच्या एका संस्थेसाठी आम्ही लहान मुलांचा शब्दकोश तयार करत होतो. छापील नव्हे, कंप्युटरवरचा. त्याची सीडी करून शाळांना वाटायची होती. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन घरी बसले होते. उदय माझा चौथीतला विद्यार्थी, त्यानंच मला ओढून आणलं. “बाई, मुलांना कळेल असा अर्थ लिहायला दुसरं कोण आहे इथं?” म्हणाला. मी अर्थ लिहायचे, मीना नावाची मुलगी ते टाइप करायची, भंगाळे सर संस्थेचा कारभार बघायचे, आणि कंप्युटरचं जे काही असेल ते सगळं उदयकडे.

मशीनांच्या नावांचं इथंच सांगायला हवं. जळगावहून मशीनं बसवायला माणूस आला होता. चारही मशीनं एकमेकांना जोडायची, तर प्रत्येकाला नाव हवं. सर म्हणाले, नद्यांची नावं द्या. उदय म्हणाला, “तापी कुठली आणि पूर्णा कुठली हे लक्षात कोण ठेवणार सर? ज्याचं मशीन त्याचं नाव.” म्हणून एक मशीन सरोदे झालं, म्हणजे माझं, एक भंगाळे, एक मीना आणि एक उदय. मग दिवसभर ऑफिसात तेच. “भंगाळे तापलेत, कूलर तिकडे वळवा.” “मीना अडकलीय, बंद करून परत चालू करा.” मीना वैतागायची. पुढे तिचं लग्न झालं, ती सुरतला गेली, मशीनचं नाव मीनाच राहिलं. उदय गेल्यावर फेब्रुवारीत संस्थेनं रोहिणीला मीनाच्या जागेवर घेतलं आणि ही थट्टा बंद झाली. आम्ही सगळे ‘ते मशीन’ म्हणायला लागलो.

सरांनी रोहिणीला जागा बदलून देऊ केली होती. “इथंच बरं आहे,” ती म्हणाली. नवऱ्याच्या टेबलाकडे पाठ करून ती बसायची. कामाच्या वेळात एकदाही मागे वळून बघायची नाही. मला त्यात तिचा धीर दिसायचा.

ते मशीन बंद करण्याची मात्र सोय नव्हती. कोशातला प्रत्येक शब्द वेगळ्या फाइलीत होता, आणि फाइलीत खुणा केलेल्या असायच्या: हा शब्द, हा त्याचा अर्थ, हे वाक्य. कुठली खूण कशाच्या आधी यावी, अर्थ नसताना नुसतं वाक्य चालेल का, असे सगळे नियम उदयनं एकाच फाइलीत लिहून ठेवले होते. तिला तो डीटीडी म्हणायचा. ही नियमांची फाइल त्याच्या मशीनवर होती. आणि प्रत्येक शब्दाच्या फाइलीच्या डोक्यावर लिहिलेलं होतं, की माझे नियम उदयकडे आहेत, तिथून आणा. मी ‘भोवरा’ उघडायला गेले, की माझं मशीन आधी उदयकडे जाऊन नियम घेऊन येणार आणि मग भोवरा माझ्यासमोर ठेवणार. नियम मिळाले नाहीत तर फाइल उघडायची, पण तिच्यातल्या खुणा बरोबर की चूक ते कळायचं नाही. नियम बदलला तर एकाच जागी बदलावा, म्हणून त्यानं हे केलं होतं. तो रोज सगळ्यांच्या आधी ऑफिसात यायचा. आपण नसलो तर काय, हे त्याच्या मनात कधी आलंच नाही.

म्हणून तो गेल्यावरही त्याचं मशीन चालू राहिलं. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली, खुर्चीच्या पाठीवर त्याचा नॅपकिन, पडदा काळा, आणि खाली पंख्याची घरघर. त्यात त्यानं काहीतरी असं करून ठेवलं होतं, की वीज जाऊन परत आली की ते आपलं आपण चालू व्हायचं. आमची मशीनं आम्ही बटण दाबल्यावर लागायची. आम्ही खुर्चीतून उठायच्या आत तिकडे, रिकाम्या खुर्चीसमोर, हिरवा दिवा लागलेला असायचा. रोज बघत होते, तरी दर वेळी मी तिकडे वळून बघायचे.

मार्चमध्ये शिपायानं झाडताना एकदा ते बंद केलं. दुसऱ्या दिवशी ते लवकर लागेना. शाळा सुटून ऋजुता आली, तिनं मशीन बघितलं, आणि त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. डबा उघडला नाही, कुणाशी बोलली नाही. त्या दिवशी रोहिणीच्या हातूनही एक शब्द टाइप झाला नाही. पोरीच्या काळजीनं, असं आम्ही समजलो. संध्याकाळी मशीन लागलं. मग ऋजुतानं वहीचं पान फाडून त्याच्या बटणावर चिकटवलं. ‘हे बटण बंद करू नये. हुकुमावरून.’ हुकुमावरून हा शब्द तिनं रेल्वेच्या भिंतीवर वाचला होता आणि तो तिला फार आवडला होता.

तर मे महिन्यातल्या त्या दुपारी वीज जाऊन आली, आणि हिरवा दिवा लागला नाही. सरांच्या पडद्यावर इंग्रजीत चौकट आली होती, उदयपर्यंत पोचता येत नाही. माझ्याही आली. रोहिणीच्याही.

ऋजुता उठली. त्या टेबलाखाली गुडघे टेकून बसली, मशीनच्या डब्यावर तळहात ठेवला आणि स्वतःच बटण दाबलं. आतून आवाज आला, कट्, कट्, चिमणीनं पत्र्यावर चोच मारावी तसा. बराच वेळ नुसता तोच आवाज. मग पंखा फिरला.

“लागलं,” ती म्हणाली.

रोहिणीचे खांदे खाली आले आणि ती टाइप करायला लागली.

सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“बाई, तो कटकट आवाज ऐकलात ना? डिस्क निकामी होत चाललीय त्याची. आज लागलं, उद्या लागेल याचा भरवसा नाही. शाळा उघडायच्या आत सीडी द्यायचीय मला.”

“मग?”

“सोपं आहे. सगळ्या फाइलींमध्ये जिथं जिथं उदय लिहिलंय, तिथून ते खोडायचं आणि आपल्या मशीनचा पत्ता घालायचा. शोधा आणि बदला. एक बटण दाबलं की झालं.”

“मग दाबा की.”

त्यांनी चष्मा पुसला. “तुम्ही दाबा ना. तुमचा विद्यार्थी होता.”

लोटलेल्या दारापलीकडे रोहिणीचा कीबोर्ड वाजत होता.

“रविवारी करू,” ते म्हणाले. “रोहिणी नसेल, पोरगी नसेल. सोमवारी ते मशीन दिसणारच नाही. दोन दिवस रडेल, मग विसरेल.”

“पोरांच्या पाठीमागे असं काही करू नये सर. ती मग जन्मभर मागे वळून बघत राहतात.”

“पण ते मशीन एक दिवस आपलं आपणच बंद पडणार आहे. तेव्हा काय सांगणार तिला? दुसऱ्यांदा?”

हे मात्र खरं होतं. आपला बाप मशीनमध्ये आहे असं ती पोर धरून बसलीय, याबद्दल आम्हा दोघांना शंका नव्हती. ते तिच्या डोळ्यांसमोर, तिला समजावून, तिच्याच हातानं व्हायला हवं होतं. मी सरांकडे शनिवारपर्यंतची मुदत मागितली.

ज्या नाशिकच्या माणसानं आम्हाला एडिटर, म्हणजे या खुणांच्या फाइली उघडायचं एक्सएमएलचं सॉफ्टवेअर, विकलं होतं, त्याला फोन लावला. भला माणूस, पण घाईत होता.

“फाइलींना हात कशाला लावता बाई? कॅटलॉग लावा ना.”

“तो काय असतो?”

“फाइलीच्या डोक्यावर दोन गोष्टी असतात. एक नियमांचं नाव, आणि एक ते कुठं सापडतील तो पत्ता. बरोबर? पत्ता चुकला तरी नाव चुकत नाही. कॅटलॉग म्हणजे एक छोटी फाइल. तिच्यात लिहायचं, हे नाव कुणी विचारलं तर इकडे पाठवा. आणि एडिटरला दाखवायचं, की तुझा कॅटलॉग इथं आहे. आधी यात बघ म्हणायचं, मग पत्त्यावर जा. प्रत्येक मशीनवर एकदा केलं की संपलं.”

“आणि फाइलीतला जुना पत्ता?”

“राहू द्या की. कुणाचं काय जातंय?”

शुक्रवारी मी ऋजुताला माझ्या शेजारी स्टूलवर बसवलं. ‘भोवरा’ची फाइल साध्या अक्षरांत उघडली. भोवऱ्याचं वाक्य उदयनं मला न विचारता घातलं होतं: ‘माझा भोवरा बाईंच्या टेबलाखाली गेला.’ चौथीत असताना खरोखर गेला होता, आणि मी तो वर्ष संपेपर्यंत दिला नव्हता.

“ही वरची ओळ वाच,” मी म्हटलं.

इंग्रजी अक्षरं तिनं एकेक करून लावली. मग बोट पडद्याला टेकवलं. “हे बाबांचं नाव.”

“ते मशीनचं नाव. त्याच्या आधी आहे ते नियमांचं नाव. नाव वेगळं, पत्ता वेगळा. आता मला सांग, तुम्ही जामनेर रोडच्या घरातून आत्ताच्या घरी आलात, तेव्हा पत्रं कशी आली?”

“पोस्टमनकाका आणून द्यायचे.”

“पत्रावर तर जुना पत्ता होता.”

“त्यांना माहीत होतं ना आम्ही कुठे गेलो ते.”

“बरोबर. पोस्टमनकाकांच्या डोक्यात जे होतं, तेच आपण एका फाइलीत लिहायचं. नाव तेच. घर नवीन.”

ती विचार करत राहिली. पेन्सिलीचं मागचं टोक चावायची तिला सवय होती.

“पण आजी, पत्रावर जुनाच पत्ता राहतो?”

“राहतो.”

“आणि ज्यानं पत्र पाठवलं त्याला कळतच नाही, आम्ही तिथं नाही म्हणून?”

“नाही कळत. त्याला पत्र पोचल्याशी मतलब.”

“म्हणजे त्याला वाटणार आम्ही तिथंच आहोत.”

“हो.”

“नेहमी?”

“नेहमी,” मी म्हटलं. शिकवायला घेतलं होतं त्यापेक्षा धडा पुढे गेला होता.

उदयच्या मशीनवरची नियमांची फाइल आणायला आम्ही दोघी त्या टेबलापाशी गेलो. ऋजुतानं फ्रॉकच्या कडेनं कीबोर्डवरची धूळ पुसली. रोहिणी पलीकडे पाठ करून टाइप करत होती. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला तेव्हा तिची मान किंचित ताठ झाली, पण ती वळली नाही. फाइल आम्ही माझ्या मशीनवर घेतली. मग कॅटलॉग. त्यातली ओळ मी सांगितली, ऋजुतानं एका बोटानं टाइप केली. डाव्या बाजूला नियमांचं नाव, उजव्या बाजूला नवीन जागा. एडिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो कॅटलॉग दाखवला.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं की नाही ते बघायला हवं. आणि ते बघायचं तर...” मी त्या टेबलाकडे बघितलं. “तर तिकडचं मशीन बंद करून बघावं लागेल. ते चालू असेल तर फाइल कुठून नियम आणतेय हे आपल्याला कळणार कसं? हे तुझ्याशिवाय कुणी करणार नाही. आणि तुला करायचं नसेल तर आज नको.”

तिनं खोलीभर नजर फिरवली.

“आई कुठेय?”

“खाली झेरॉक्सला गेली आत्ताच.”

“मग आत्ता करू. लवकर.”

मला वाटलं, आईसमोर रडू येईल म्हणून घाई करतेय. तिनं बटणावरचा हुकुमाचा कागद अलगद सोडवला, घडी घालून फ्रॉकच्या खिशात ठेवला. पडद्यावर मी दाखवलं तसं दाबत गेली. पंखा मंद झाला आणि थांबला. हिरवा दिवा गेला.

कूलर चालू होता, खाली रिक्षा ओरडत होत्या, तरी खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. मार्चमधला तो दिवस आणि वीज जायची तेवढा वेळ सोडला, तर जानेवारीपासून तो आवाज थांबलाच नव्हता, आणि तो ऐकू येत होता हेही मला तेव्हाच कळलं.

मी ऋजुताकडे बघितलं. मी तयारीत होते. पदराला हात पुसून ठेवले होते, जवळ घ्यायला.

“आता भोवरा,” ती म्हणाली.

भोवरा उघडला. चौकट नाही, काही नाही. एडिटरनं खाली हिरवी खूण दाखवली, सगळे नियम बरोबर. मग सरांच्या मशीनवर केलं. सर मागे उभे राहून बघत होते. फाइल उघडल्यावर त्यांनी ऋजुताच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

“चल,” मी म्हटलं, “आता आईचं राहिलं.”

मी रोहिणीच्या खुर्चीत बसले आणि माउसवर हात ठेवला. ऋजुतानं तिचा हात माझ्या हातावर ठेवला. पेन्सिलीच्या रंगाचे कण लागलेली छोटी बोटं.

“आईच्या मशीनवर नको.”

“अगं, मग तिच्या फाइली नियमाशिवाय उघडतील. ती चौकट येईल दर वेळी. तुझ्या बाबांचं नाव येईल, सापडत नाही म्हणून. बरं वाटेल का तिला?”

“येऊ दे.”

“ऋजू, तूच बंद केलंस ना ते आत्ता? तुला समजलं ना, बाबा त्यात...”

“मला माहितीय बाबा त्यात नाहीत,” ती म्हणाली. “मी तिसरीत आहे.”

मी माउस सोडला.

“मग तो कागद? मार्चमध्ये तू जेवली नव्हतीस.”

तिनं दाराकडे बघितलं. जिन्यात अजून कुणी नव्हतं.

“आई घरी बोलतच नाही,” ती म्हणाली. “इथं आली की तिला पाठीमागून पंख्याचा आवाज येतो. मग ती टाइप करते. मध्येच हळूच काहीतरी सांगते पण, मागे न बघता. तुम्ही नसता तेव्हा. मागे बघितलं तर नाही ना कोणी. म्हणून ती बघत नाही. त्या दिवशी आवाज नव्हता, तर ती दिवसभर नुसती बसली. घरी पण नुसती बसली.”

“आता आवाज नसणारच आहे, बाळा.”

“म्हणून तर,” ती म्हणाली. “मशीन जाऊन विचारतं ना, बाबा आहेत का म्हणून? आईचं मशीन विचारू दे. निदान विचारू दे.”

जिन्यात चपला वाजल्या. मी उठून माझ्या जागेवर आले. ऋजुता स्टूलवर बसून पाढे लिहायला लागली.

रोहिणी झेरॉक्सचे कागद घेऊन आत आली. उंबऱ्यातच थांबली. खोलीतलं काय कमी झालंय ते तिला पहिल्या पावलाला कळलं. मागच्या टेबलाकडे तिनं बघितलं नाही, आमच्याकडेही नाही. कागद ठेवले, खुर्चीत बसली, पाठ तिकडे, नेहमीसारखी. पुढचा शब्द होता ‘रांजण’. तिनं फाइल उघडली.

पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. तिचं मशीन नियम मागायला गेलं होतं. बंद मशीन शोधायला कंप्युटरला बराच वेळ लागतो, नसलेल्याला तो आधी सगळीकडे शोधतो. तेवढा वेळ रोहिणी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. ओठ किंचित हलले. मग चौकट आली. उदयपर्यंत पोचता येत नाही. तिनं ती वाचली, सावकाश, जणू पत्र आलंय. ‘ओके’ दाबलं. आणि रांजणाचा अर्थ टाइप करायला लागली.

ऋजुतानं माझ्याकडे बघितलं आणि परत पाढ्यांत मान घातली.

कोश शाळांना वेळेत गेला. पुढे आणखी दोन कोश झाले, आणि मी तिथं होते तोवर रोहिणीच्या नोंदी मी माझ्या मशीनवर तपासत असे, कारण तिच्या मशीनला नियम माहीत नव्हते. भंगाळे सरांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. उदयचं टेबल हळूहळू कागदांच्या गठ्ठ्यांनी भरलं. सगळ्या फाइलींच्या डोक्यावरचा पत्ता तसाच राहिला.

मी ऑफिस सोडायच्या सुमारास जळगावहून एक नवा मुलगा मशीनं बघायला आला होता. रोहिणीच्या मागे उभा राहून तो पडद्यावरच्या वाळूच्या घड्याळाकडे बघत होता. “मॅडम, हे काय, प्रत्येक फाइलीला एवढं थांबता तुम्ही? कुठलंतरी जुनं मशीन शोधतंय हे. कॅटलॉग लावून देतो, दोन मिनिटांचं काम आहे.”

रोहिणीचे हात मांडीवर होते. तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

“असू दे रे,” ती म्हणाली. “शोधू दे त्याला.”